बाबांचे दोन इको, दोन निकाल : झडप किती अरुंद झालीय हे ठरतं कसं?

मलप्रभाकाठ (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. आम्ही खानापूर तालुक्यातले. बाबा ७४ वर्षांचे, आयुष्यभर शेतात. उंची पाच फूट तीन इंच, वजन ४८ किलो. गावाकडच्या डॉक्टरांना छातीत मर्मर ऐकू आली म्हणून बेळगावात टूडी इको केला. रिपोर्टवर खाली ठळक अक्षरांत ‘सिव्हिअर एओर्टिक स्टेनोसिस’, म्हणजे हृदयातून शरीराकडं रक्त सोडणारी झडप खूप अरुंद. झडप बदलायची भाषा निघाली तशी घरात सगळ्यांची झोप उडाली.

मामा कोल्हापूरला असतात. ते म्हणाले, एकदा इकडंही दाखवा. तिकडच्या रिपोर्टवर ‘मॉडरेट’. आता थोरला भाऊ म्हणतोय थांबायला नको, धाकटा म्हणतोय मॉडरेट आहे तर ह्या वयात छाती कशाला उघडायची. आई दोघांकडं बघत बसते.

जे लिहिलंय ते उतरवते. बेळगावचा: वेग ३.४ मीटर प्रति सेकंद, मीन ग्रेडियंट २७, क्षेत्रफळ ०.८ चौ. सेंमी, एलव्हीओटी १.८ सेंमी, व्हीटीआय २२ आणि ७०. कोल्हापूरचा: वेग ३.५, मीन ग्रेडियंट २९, क्षेत्रफळ १.१, एलव्हीओटी २.१, व्हीटीआय २२ आणि ६९. ईएफ दोन्हीकडं ६०.

बाबा म्हणतात मला काही होत नाही. ह्यातलं कुणाला कळतं का? कुठला खरा धरायचा?

निपाणीकर

ताई, घाबरू नका. आमच्या चुलत्यांनाही हेच होतं, ते बेंगळुरूला जयदेव हृदयरोग हॉस्पिटलमध्ये दाखवून आले. तिसरं मत घ्या. पण तिसऱ्याकडं जाताना आधीचे दोन्ही रिपोर्ट आणि इकोची सीडी बरोबर न्या. नुसता कागद नेला की पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं.

कंग्राळीचा_पैलवान

काकांना काही त्रास नाही म्हणताय तर एकदा ट्रेडमिल टेस्ट करून घ्या की. पळवून बघितलं की हृदयात किती जोर आहे ते समोर येतं. आमच्या तालमीतल्या एकाची तशीच केली होती.

हुक्केरी_फिजिशियन

पैलवान, सूचना चांगल्या मनानं केलीय, पण इथं आधी थांबवतो. एओर्टिक झडप खूप अरुंद असेल आणि धाप, छातीत कळ किंवा भोवळ यातलं काहीही असेल तर ट्रेडमिल करायचीच नाही, ते जिवावर बेतू शकतं. त्रास खरंच नाही आणि झडप मात्र सिव्हिअर आहे, अशा पेशंटची ही चाचणी हृदयतज्ज्ञ स्वतः उभं राहून करतात. तिचा उपयोग आहे. पण ती कुणी सांगायची आणि कुणासाठी, हे ठरलेलं आहे.

आणि ताई, ‘मला काही होत नाही’ यावर विसंबू नका. शेतकरी माणूस त्रास सांगत नाही, काम कमी करतो. दोन वर्षांपूर्वी किती चालायचे आणि आता किती चालतात, हे आईंना विचारा. आईंचं उत्तर इकोइतकंच मोलाचं असतं.

इको_टेबल

ताई, मी बेळगावातच इको करते. चित्रं न बघता निदान करणार नाही. पण तुम्ही आकडे नीट उतरवलेत, त्यावर बोलता येईल.

दोन्ही रिपोर्ट एकाच झडपेचे आहेत आणि आतून जवळजवळ सारखेच आहेत. कसे ते सांगते.

धडधाकट माणसात ही झडप ३ ते ४ चौ. सेंमी उघडते. कॅल्शियम साचून ती ताठ होत गेली की तेवढंच रक्त कमी जागेतून काढायला हृदय जास्त जोर लावतं आणि रक्ताचा वेग वाढतो. आम्ही डॉपलरनं तो वेग मोजतो. २ ते २.९ मीटर प्रति सेकंद म्हणजे सौम्य, ३ ते ३.९ मध्यम, ४ किंवा त्याहून जास्त म्हणजे सिव्हिअर. ५ ला पोचला तर अतिसिव्हिअर. त्याच वेगावरून मीन ग्रेडियंट निघतो, म्हणजे झडपेच्या अलीकडं आणि पलीकडं दाबात सरासरी किती फरक आहे ते. २० च्या खाली सौम्य, ४० मिमी पारा आणि वर सिव्हिअर. तिसरा आकडा क्षेत्रफळाचा, १ चौ. सेंमी किंवा त्याहून कमी म्हणजे सिव्हिअर.

बाबांचा वेग आणि ग्रेडियंट दोन्ही ठिकाणी मध्यम खात्यात आहेत. भांडण लागलंय ते फक्त क्षेत्रफळावरून. आणि क्षेत्रफळ हा आकडा मशीनवर थेट मोजला जात नाही, तो गणितानं काढला जातो. झडपेच्या आधी जो मार्ग आहे, एलव्हीओटी, त्याची रुंदी आम्ही चित्रावर दोन खुणा करून मोजतो. ती रुंदी गोल धरून तिचं क्षेत्रफळ काढायचं, त्याला तिथल्या व्हीटीआयनं (एका ठोक्यात रक्त किती सेंमी पुढं सरकतं तो आकडा) गुणायचं आणि झडपेतल्या व्हीटीआयनं भागायचं. जेवढं रक्त अलीकडून गेलं तेवढंच पलीकडं गेलं पाहिजे, एवढाच त्याचा आधार.

आता खोच बघा. रुंदीचा वर्ग होतो. १.८ सेंमी धरली तर मार्गाचं क्षेत्रफळ २.५४ येतं, २.१ धरली तर ३.४६. खुणा तीन मिलिमीटर इकडं तिकडं पडल्या की निकाल तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त बदलला. म्हाताऱ्या माणसात तिथंही कॅल्शियम असतं, कडा धूसर दिसते, त्यामुळं तीन मिलिमीटरचा फरक पडणं अगदी शक्य आहे.

रुंदी बाजूला ठेवून नुसते दोन व्हीटीआय भागून बघा. २२ भागिले ७० म्हणजे ०.३१. २२ भागिले ६९ म्हणजे ०.३२. दोन्ही ठिकाणी झडप सारखीच सापडलीय. हे गुणोत्तर ०.२५ च्या खाली गेलं की आम्ही सिव्हिअर समजतो.

पण म्हणून धाकट्या भावाचं खरं, असं लगेच धरू नका. मला वेगाबद्दलच शंका आहे. त्यावर रात्री सविस्तर लिहिते, आता लिस्ट सुरू होतेय.

शहापूर_माग

इको_टेबल ताई, इतकं उलगडून पहिल्यांदाच कुणी सांगितलं. एक विचारतो. वेगावरून दाब कसा काय निघतो? आमच्या वडिलांच्या रिपोर्टवरही दोन्ही असतात आणि आम्हाला वाटायचं दोन वेगळ्या तपासण्या केल्यात.

घटप्रभा

ह्याचं उत्तर मी देतो, कारण हा आमच्या धंद्याचा विषय. मी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालो, बरीच वर्षं हिडकल धरणावर होतो. दरवाजा थोडा उचलला की फटीतून पाणी किती वेगानं येईल हे मागच्या पाण्याच्या उंचीवरून काढतात. उलट वेग कळला तर मागचा दाब कळतो. हृदयाच्या झडपेलाही हाच बर्नुलीचा नियम लावलाय. दाबातला फरक म्हणजे अर्धा गुणिले घनता गुणिले वेगाचा वर्ग. रक्ताची घनता घनमीटरला साधारण १०६० किलो. तिचं अर्धं ५३०. पास्कलचे मिमी पारा करायला १३३ नं भागा, उत्तर ३.९८. म्हणून इकोवाले सरळ ‘चार गुणिले वेगाचा वर्ग’ म्हणतात. वेग ४ मीटर असेल तर फरक ६४ मिमी पारा. हा एका क्षणाचा सर्वांत मोठा फरक. रिपोर्टवरचा मीन म्हणजे झडप उघडी असेपर्यंतची सरासरी, म्हणून तो कमी दिसतो.

आमच्या धाकट्या बहिणीच्या दुखण्यात मी हे सगळं वाचून काढलं होतं. तेव्हा एक गोष्ट कळली ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. इको नव्हता तेव्हा हृदयात नळी घालून दाब मोजायचे आणि त्यावरून झडपेचं क्षेत्रफळ काढायचे. ते सूत्र १९५१ मध्ये रिचर्ड गॉर्लिन नावाच्या डॉक्टरनं मांडलं, आणि लेखात सहलेखक म्हणून त्याचे वडील होते. वडील जलशास्त्राचे इंजिनिअर! सूत्रात एक आकडा येतो, ४४.३. डॉक्टर मंडळी तो पाठ करतात. आम्हाला तो बघताक्षणी ओळखू येतो: दोन गुणिले ९८०, म्हणजे गुरुत्वाकर्षण सेंटिमीटरमध्ये, त्याचं वर्गमूळ. कालव्याच्या दरवाज्याला जे सूत्र तेच बापलेकांनी माणसाच्या काळजाला लावलं. मला त्या दिवशी आपल्या शिक्षणाचा फार अभिमान वाटला.

नळी न घालता बाहेरून डॉपलरनं हेच करता येतं, हे १९७० च्या दशकात नॉर्वेत लिव्ह हॅटले ह्या बाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं. त्याआधी प्रत्येक पेशंटला त्यासाठी कॅथलॅबच्या टेबलावर जावं लागायचं.

इको_टेबल

घटप्रभा काका, आम्हाला कॉलेजात ४४.३ चा अर्थ असा कुणीच सांगितला नव्हता. मनापासून आभार.

आता वेगाची शंका. डॉपलरचा किरण रक्ताच्या झोताशी एका रेषेत असेल तरच खरा वेग मिळतो. तिरका पडला तर वेग नेहमी कमीच दिसतो, जास्त कधीच दिसत नाही. म्हणजे ३.४ हा बाबांचा वेग ‘निदान एवढा तरी’ आहे.

बहुतेक वेळा आम्ही छातीच्या डाव्या बाजूनं, टोकाकडून मोजतो. पण कॅल्शियम साचलेल्या झडपेतून झोत वाकडा निघतो, कित्येकदा उजवीकडं वळलेला. तो पकडायला पेशंटला उजव्या कुशीवर झोपवून छातीच्या हाडाच्या उजव्या बाजूनं, आणि मानेखालच्या खोबणीतूनही बघावं लागतं. त्यासाठी चित्र न दाखवणारा एक बारीक प्रोब असतो, पेडॉफ प्रोब म्हणतात. तो छोट्या जागेत नीट बसतो. त्याला वेळ लागतो, पेशंट अवघडतो, आणि लिस्टवर चाळीस माणसं असली की हे राहून जातं. म्हणून ताई, तिसरा इको करायचा तर विचारा: उजव्या बाजूनं बघितलं का? रिपोर्टवर ‘राइट पॅरास्टर्नल’ असं लिहून येतं.

घटप्रभा

किती फरक पडेल ते मांडतो. किरण ३० अंश तिरका असेल तर वेग १३ टक्के कमी दिसेल. दाब वेगाच्या वर्गावर जातो, म्हणून तो पूर्ण २५ टक्के कमी. खरा वेग ४.१ असलेला माणूस साडेतीनचा दिसेल.

इको_टेबल

अगदी बरोबर. आणि ताई, वेग कमी दिसण्याचं दुसरंही कारण असतं, तेही तपासून टाकते. हृदयच थकलेलं असेल, ईएफ, म्हणजे दर ठोक्याला डाव्या कप्प्यातलं किती टक्के रक्त बाहेर पडतं तो आकडा, ५० च्या खाली असेल, तर झडप कितीही अरुंद असली तरी झोतात जोर येत नाही. ग्रेडियंट २५ च दिसतो आणि क्षेत्रफळ ०.८. अशा वेळी डोब्युटामिन हे हृदयाचा जोर वाढवणारं औषध सलाईनमधून थोडंथोडं देत इको करतात. हृदय जोरानं आकसायला लागल्यावर ग्रेडियंट ४० च्या वर गेला आणि क्षेत्रफळ एकच्या आतच राहिलं, तर झडप खरोखर सिव्हिअर. क्षेत्रफळच वाढलं तर दोष झडपेपेक्षा हृदयाच्या स्नायूचा जास्त.

ईएफ चांगला असूनही प्रवाह कमी असू शकतो. विशेषतः जुनं बीपी असलेल्या, जाड भिंतींच्या लहान हृदयात. एका ठोक्याला किती रक्त बाहेर पडतं ते शरीराच्या आकाराला भागून बघतात, ३५ मिली प्रति चौ. मीटरच्या खाली म्हणजे कमी. बाबांचं शरीर साधारण १.४६ चौ. मीटर. बेळगावच्या रुंदीनं ठोक्याला ५६ मिली, म्हणजे ३८. कोल्हापूरच्या रुंदीनं ७६ मिली, म्हणजे ५२. दोन्ही ३५ च्या वर. म्हणून प्रवाहाचा प्रश्न मला इथं वाटत नाही.

बाबा बारीक आहेत, हाही मुद्दा आहे. छोट्या माणसाला झडपही थोडी छोटी पुरते, म्हणून क्षेत्रफळ शरीराला भागून बघायचं, ०.६ च्या आत सिव्हिअर. त्यांचं एकीकडं ०.५५ येतं, दुसरीकडं ०.७५. पुन्हा तेच तीन मिलिमीटर.

सगळं करूनही आकडे एकमेकांशी बोलेनात, तर साधा सीटी करतात. रंगद्रव्याचं इंजेक्शन (डाय) न देता, झडपेवर किती कॅल्शियम साचलंय त्याचा स्कोअर काढायला. पुरुषांत साधारण २००० च्या वर आणि बायकांत १२०० च्या वर गेला तर सिव्हिअर असण्याची शक्यता मोठी. बायकांचा आकडा वेगळा आहे हे लक्षात ठेवा. बायकांत कॅल्शियम कमी असूनही झडप तेवढीच ताठ होते. एकच आकडा सगळ्यांना लावला तर आपल्या आयांवरच अन्याय होतो.

आणि इको करताना बीपी किती होतं ते रिपोर्टवर असावं. बीपी १८० असताना मोजलेला ग्रेडियंट फसवा असतो. आधी बीपी आटोक्यात आणायचं, मग पुन्हा मोजायचं.

वडगाव_गल्ली

एवढी मोजमापं करण्यापेक्षा आमच्याकडं एक वैद्य कॅल्शियम विरघळवणारा काढा देतात, दोन महिन्यांत झडप मोकळी होते म्हणतात. ऑपरेशन टळलं तर बरंच की. नंबर हवा असल्यास सांगा.

हुक्केरी_फिजिशियन

वडगाव, नंबर देऊ नका अशी विनंती. झडपेवर साचलेलं कॅल्शियम विरघळवणारं औषध आजच्या घडीला कुणाकडंच नाही, आमच्याकडंही नाही. कोलेस्टेरॉलच्या गोळ्यांनी तरी हा आजार थांबेल अशी मोठी आशा होती. २००८ मध्ये सीज नावाची मोठी चाचणी प्रसिद्ध झाली, त्यात सिम्वास्टॅटिन आणि एझेटिमाइब देऊनही झडपेचा आजार वाढायचा थांबला नाही. दोन महिने काढा घेण्यात जाणारा वेळ हाच खरा धोका. धाप, कळ किंवा भोवळ सुरू होईपर्यंत माणूस बरीच वर्षं ठीक राहतो. सुरू झाल्यावर मात्र उतार वेगानं लागतो. रॉस आणि ब्राउनवाल्ड यांनी १९६८ मध्येच लिहून ठेवलंय: झडप न बदलल्यास छातीत कळ सुरू झाल्यापासून सरासरी पाच वर्षं, भोवळ सुरू झाल्यापासून तीन, हृदय कमकुवत होऊन धाप लागायला लागल्यापासून दोन.

हे वाचून कुणी हादरेल हे मला माहीत आहे. पण ह्याच आजारात वेळेवर झडप बदलली की माणूस पुन्हा शेतावर जातो, हेही मी डोळ्यांनी बघतो. म्हणून मोजमाप नीट व्हावं ही तळमळ.

मलप्रभाकाठ (धागाकर्ती)

सगळ्यांचे आभार. इको_टेबल ताईंनी सांगितलेलं सगळं कागदावर लिहून नेलं होतं. हृदयतज्ज्ञांनी तो कागद वाचला आणि रागावले वगैरे नाहीत, उलट म्हणाले बसा, मी स्वतः बघतो. बाबांना उजव्या कुशीवर घेऊन बराच वेळ बघत होते. उजव्या बाजूनं वेग आला ४.१, मीन ग्रेडियंट ४१. सीटीचा स्कोअर २४०० च्या वर.

आईला विचारलं. ती म्हणाली, हे आता शेताला जाताना वाटेत बांधावर दोनदा बसतात, आणि मला म्हणतात पोरांना सांगू नको.

ऑपरेशन की मांडीतून नळीनं झडप बसवायची, टॅव्ही म्हणतात ते, यावर आता बोलणं चाललंय. डॉक्टर म्हणाले ६५ ते ८० वयात दोन्ही मार्ग खुले असतात, सीटीत झडपेचं माप आणि पायातल्या रक्तवाहिन्या बघून ठरवू. भाऊ दोघंही आता एकाच बाजूला आहेत.

इको_टेबल

ताई, आता आकडे जुळले. नव्या वेगाला झडपेतला व्हीटीआय ८३ च्या आसपास येईल. २२ भागिले ८३ म्हणजे ०.२६ किंवा ०.२७. एलव्हीओटी १.८ धरली तर क्षेत्रफळ ०.६७, २.१ धरली तरी ०.९२. आता रुंदी कुणाचीही घ्या, एकच्या आतच. वेग, ग्रेडियंट, क्षेत्रफळ आणि कॅल्शियम चौघं एकच सांगतायत. बाबांना माझा नमस्कार सांगा.

निपाणीकर

ताई, खर्चाचं बघितलं का? आयुष्मानचं कार्ड असेल तर हॉस्पिटलात दाखल व्हायच्या आधीच दाखवा. आणि महाराष्ट्र सरकारनं २०२३ मध्ये ८६५ सीमागावांसाठी महात्मा फुले जनआरोग्य योजना जाहीर केलीय. तुमचं गाव त्या यादीत असेल आणि कोल्हापूरला करायचं ठरलं, तर तिथल्या आरोग्यमित्राला कागद काय लागतात ते आधी विचारून घ्या. ऐनवेळी रेशनकार्डासाठी गावाला पळापळ नको.

चिक्कोडीची_सून

धागा वाचून धीर आला म्हणून विचारते. आमच्या जावेला, वय २९, लहानपणी सांधे सुजून ताप आला होता. आता मायट्रल झडप अरुंद सांगितलीय. पाचवा महिना चालू आहे. लग्नाआधीच्या इकोत ग्रेडियंट ६ होता, आता १४. सासूबाई म्हणतात पोटुशीपणात झडप आणखी आवळली. क्षेत्रफळ तेव्हाही १.३ होतं, आताही १.३. हे कसं?

इको_टेबल

ताई, झडप आवळलेली नाही. क्षेत्रफळ तेच आहे, हा त्याचा पुरावा. सासूबाईंना एवढं आधी सांगा, म्हणजे त्या मुलीवर दोष जाणार नाही.

मायट्रल म्हणजे हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधली झडप, तिचं माप वेगळ्या रीतीनं बघायचं. ही झडप ४ ते ६ चौ. सेंमी असते, आणि १.५ किंवा त्याच्या आत आली की आजच्या निकषांनी सिव्हिअर. १ च्या आत म्हणजे अतिसिव्हिअर. जुन्या रिपोर्टांत १ च्या आतलीच सिव्हिअर लिहायचे, म्हणून जुना कागद आणि नवा कागद वेगळं बोलू शकतात.

इथं ग्रेडियंटवर फार जाऊ नये, कारण तो नाडीवर चालतो. ही झडप हृदय सैल पडतं तेव्हा उघडी असते. नाडी वाढली की तो सैल पडायचा वेळच कमी होतो. तेवढ्याच रक्ताला घाईनं जावं लागतं आणि दाब वाढतो. त्यात गरोदरपणात रक्तही वाढलेलं. नाडी ६६ असताना ६ येणारा ग्रेडियंट ११० ला १४ येईल, झडप तीच. म्हणून ग्रेडियंटशेजारी नाडी लिहिली नसेल तर तो आकडा अर्धा आहे. नाडी अनियमित असेल, एएफ म्हणतात तसा ठोका बेताल असेल, तर एका ठोक्यावर मोजून चालत नाही, बरेच ठोके मोजून सरासरी घ्यावी लागते.

क्षेत्रफळ मोजायची चांगली रीत म्हणजे झडपेचं तोंड समोरून चित्रात पकडून त्याच्या कडेनं रेघ काढायची, प्लॅनिमेट्री. मात्र झडपेच्या पानांच्या अगदी टोकाशी काप घ्यायला हवा, जरा मागं घेतला की तोंड मोठं दिसतं. दुसरी रीत प्रेशर हाफ टाइमची. दाब अर्ध्यावर यायला किती मिलिसेकंद लागतात ते मोजायचं आणि २२० ला त्यानं भागायचं. घटप्रभा काका, हेही हॅटलेबाईंचंच काम. पण एओर्टिक झडप गळत असेल तर ही रीत झडप आहे त्यापेक्षा मोठी दाखवते, आणि फुग्यानं झडप उघडल्यावर लगेच तर तिच्यावर विसंबूच नये.

हुक्केरी_फिजिशियन

चिक्कोडीच्या ताई, गरोदरपणात क्षेत्रफळ १.३ आणि ग्रेडियंट १४ म्हणजे हृदयतज्ज्ञ आणि प्रसूतितज्ज्ञ दोघांच्या देखरेखीत राहायचं, घरी थांबायचं नाही. नाडी खाली ठेवायला गोळ्या देतात. विश्रांती आणि मीठ कमी. तरी धाप थांबली नाही तर मांडीतून फुगा नेऊन झडप उघडतात. जपानच्या इनोउए यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला ही पद्धत आणली. गरोदर बायकांतही ती करतात, पोटावर शिशाचं आवरण ठेवून. झडप फुग्याला योग्य आहे का ते विल्किन्स स्कोअरवर बघतात: पानांची हालचाल, जाडी, कॅल्शियम आणि खालच्या दोऱ्या, प्रत्येकी ४ पैकी गुण. ८ किंवा त्याच्या आत असेल तर झडप सहसा चांगली उघडते. फुग्याआधी डाव्या कप्प्यात गुठळी नाही ना, हे अन्ननलिकेतून इको करून बघतात.

दिवसा बसल्या जागी धाप, रात्री उशाशी दोन उशा लागणं, खोकल्यात गुलाबी फेस, यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट बघू नका.

चिक्कोडीची_सून

रात्री दोन उशा लागतात. आम्हाला वाटलं पोट वाढलंय म्हणून. आत्ताच निघतो.

हुक्केरी_फिजिशियन

निघा. बसनं नको, गाडी करा. आडवं झोपवू नका, बसवून न्या. जुना आणि नवा दोन्ही इको जवळ ठेवा, आणि नाडी किती होती ते नव्या रिपोर्टवर नसेल तर तिथं मोजायला सांगा.

शहापूर_माग

ताई, पोचल्यावर इथं दोन ओळी टाका.

डॉक्टर, त्यांच्या जावेला लहानपणी तो ताप आला तेव्हाच काही करता आलं असतं का? आमच्या गल्लीत एका मुलीला गेल्या वर्षी तसाच ताप येऊन गुडघे, घोटे सुजले होते. ती आता बरी आहे आणि तिची इंजेक्शनं बंद केलीत.

हुक्केरी_फिजिशियन

त्या मुलीच्या घरच्यांना आजच भेटा. सांधे बरे होतात, झडपेला मात्र प्रत्येक नव्या हल्ल्यात आणखी इजा होते. बेंझाथिन पेनिसिलिनचं इंजेक्शन तीन ते चार आठवड्यांनी वर्षानुवर्षं घ्यायचं असतं, आपल्या भागात तीनच आठवड्यांनी घेतलेलं बरं. ती बरी वाटते म्हणून बंद करायचं नाही. कधी थांबवायचं ते वय आणि इको बघून डॉक्टर ठरवतात. तिचा एकही इको झाला नसेल तर आधी तो करून घ्या. ऐकू न येणारी इजाही इकोत दिसते. पेनिसिलिनची ॲलर्जी नाही ना, हे इंजेक्शन देणाऱ्याला विचारायला सांगा.

शहापूर_माग

संध्याकाळी जाऊन आलो. इको एकदाही केलेला नाही. सोमवारी मी स्वतः त्यांना घेऊन जातोय.

चिक्कोडीची_सून

पोचलो. दाखल करून घेतलंय, ऑक्सिजन लावलाय. नाडी ११८ होती, आता ९० च्या आसपास आलीय आणि ती झोपलीय. फुग्याचं दोन दिवसांनी ठरवणार म्हणाले.